बास्क किनारा गाडीने फिरायचाय: बिल्बाओ ते बियारिट्झ, सल्ला द्या

मृण्मयी_क
नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी आईबाबा पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत येतायत आणि त्यांना घेऊन साधारण आठवडाभर स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर जायचं चाललंय. बार्सिलोना-माद्रिद त्यांचं आधी झालंय, बाबांना आता समुद्र, डोंगर आणि छोटी गावं बघायचीत. कच्चा बेत असा की बिल्बाओ विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची, किनाऱ्याकिनाऱ्याने गास्तेलुगात्चे, गेर्निका, लेकेइतियो, सुमाया, गेतारिया, सान सेबास्तियान करत फ्रान्सच्या हद्दीत सेंट-जाँ-द-लूझ आणि बियारिट्झ, मग हायवेने परत बिल्बाओ. दर रात्री वेगळ्या गावात मुक्काम.
शंका अशा की बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती झेपतील माहीत नाही. आई पक्की शाकाहारी आहे, अंडंही नाही, आणि जिथे वाचावं तिथे मासे आणि हॅम. गाडी नवरा चालवणार, त्याला युरोपातल्या रस्त्यांची सवय आहे पण अरुंद गल्ल्यांचा धसका आहे. कोणी हा भाग गाडीने केलाय का? बेत कसा वाटतो?

सह्यभटक्या
जागा पकडून बसतो. आम्हालाही जायचंय.

रुळावरचा
ताई, थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. या पट्ट्यात गाडीची गरजच काय? बिल्बाओपासून सान सेबास्तियानपर्यंत एउस्कोत्रेन नावाची छोट्या रुळांची गाडी जाते, देबा, सुमाया, सारौत्स सगळी किनाऱ्याची गावं तिच्यावर आहेत. बिल्बाओहून गेर्निका-मुंदाका-बेर्मेओ ही तिचीच दुसरी शाखा. हळू जाते, बिल्बाओ ते सान सेबास्तियान अडीच तासांच्या आसपास घेते, पण खिडकीतून जे दिसतं ते हायवेवरून काहीच दिसत नाही. शिवाय थेट बस सव्वा तासात पोचवते. पार्किंग नाही, टोल नाही, आणि चालवणाऱ्यालाही चाकोलीचा, म्हणजे तिथल्या वाइनचा, एक ग्लास घेता येतो. तुमच्या नवऱ्याचा विचार करा जरा!

मृण्मयी_क
नवऱ्याला प्रतिसाद वाचून दाखवला, त्याने तुम्हाला मनापासून धन्यवाद दिलेत :)

घाटमाथा
रुळावरचा यांच्याशी अर्धा सहमत. शहरांपुरतं त्यांचं बरोबर आहे, पण नुसत्या ट्रेनने केलं तर बास्क मुलखातला अर्धा भाग तुम्हाला दिसतच नाही. लेकेइतियो आणि एलांचोबेला रेल्वे नाही, गास्तेलुगात्चेला नाही, आतल्या दऱ्यांमध्ये तर बसही दिवसातून मोजक्याच. आणि दुखऱ्या गुडघ्यांनी बस बदलत, थांब्यांवर उभं राहत फिरायचं म्हणजे त्रासच. तेव्हा गाडी घ्या, पण ती खेड्यांसाठी वापरा. बिल्बाओ आणि सान सेबास्तियान करताना तिला सक्तीची विश्रांती.
दुसरं, एपी-८ या टोलच्या हायवेवरून जाऊ नका. बिल्बाओ-सान सेबास्तियान जेमतेम शंभर किलोमीटर आहे, त्यावरून गेलात तर सव्वा तासात सगळं संपतं, बोगदे तेवढे लक्षात राहतात. देबानंतर जुना एन-६३४ धरा. त्यातला गेतारिया ते सारौत्स हा छोटासा तुकडा, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कठड्याखाली थेट समुद्र, इतका सुंदर रस्ता मी क्वचित पाहिलाय. वादळात लाटा रस्त्यावर येतात म्हणून कधीकधी बंदही करतात. बाजूने चालायला वेगळी रुंद वाट आहे, बाबा सपाटीवरून हवं तेवढं चालतील आणि थकले की मागे फिरतील.

चहाबाज
"सक्तीची विश्रांती" +१. सान सेबास्तियानमध्ये रस्त्यावर पार्किंग शोधायला गेलं की ला कोंचा पुळणीच्या त्याच वळणावर पुन्हापुन्हा जाणं होतं, तेवढ्यात समुद्रदर्शन मात्र भरपूर होतं :) जमिनीखालची पार्किंगं आहेत, महाग आहेत पण सरळ तिथेच घालावी.

अन्नपूर्णा_बीसीएन
मी बार्सिलोनात राहते, तिकडे सासरची माणसं आहेत त्यामुळे बऱ्याचदा जाणं होतं. काकूंच्या जेवणाबद्दल मोकळेपणाने सांगते, अवघड आहे पण उपाशी कोणी राहत नाही.
आधी हे लक्षात ठेवा की "मांस नको" म्हटल्यावर हॅम चालत असेल असं समजणारे लोक आहेत, आणि ट्यूना तर मिश्र सॅलडवर न सांगता येतो. त्यामुळे ऑर्डर देताना तिन्ही वेगवेगळं सांगायचं: सिन कार्ने (मांस नको), सिन पेस्कादो (मासे नको), सिन हामोन (हॅम नको). अंड्यासाठी सिन उएवो. बटाट्याचा जाड तोर्तिया सगळीकडे दिसेल, त्यात अंडं असतंच. सान सेबास्तियानचा तो प्रसिद्ध जळक्या वरच्या थराचा चीजकेक, त्यातही अंडं. तोलोसाचे काळे घेवडे ऐकायला आपल्या उसळीसारखे वाटतात पण बहुतेक वेळा सोबत सॉसेज असतं.
मग काय खायचं, तर गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या! छोट्या, तिखट नसलेल्या, तेलात तळून वर जाड मीठ, उन्हाळा जवळ आला की जागोजागी मिळतात. तव्यावर परतलेले मश्रूम, भाजलेल्या लाल मिरच्या, टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज अप्रतिम असतं, पण पारंपरिक चीजमध्ये कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात, काकू त्याबाबत काटेकोर असतील तर आधीच सांगितलेलं बरं.
माझा खरा सल्ला, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. गावाबाहेर शेतघरांमध्ये राहायची सोय असते, आग्रोतुरिस्मो म्हणतात. सकाळी बाजारातून भाजी आणायची, काकूंचा पोळीभाजीचा डबा तयार, तुम्ही बारमध्ये उभ्याउभ्या पिंचोस (तिथले छोटे चटपटीत पदार्थ) खायला मोकळे. आणि वेळा सांभाळा, दुपारची स्वयंपाकघरं साधारण एक ते साडेतीन, रात्रीची साडेआठनंतर. संध्याकाळी सहाला जेवण मागितलं तर चिप्स मिळतील.

मृण्मयी_क
अन्नपूर्णाताई, किती नेमकं लिहिलंत! आई विरजणाचं ऐकून म्हणाली "मग चीज राहू दे, मिरच्या चालतील." डब्याची कल्पना तर तिला फारच आवडली, आत्ताच मेतकूट पॅक करायला काढलंय.

सुरमईप्रेमी
शाकाहारी चर्चा चालू दे, पण बाकीच्यांनी गेतारियात जाऊन भाजलेला टर्बो खाल्ला नाही तर जाण्यात अर्थ नाही. अख्खा चपटा मासा, हॉटेलच्या बाहेर गल्लीत निखाऱ्यांवर लोखंडी जाळीत धरून भाजतात, वर फक्त मीठ, तेल आणि थोडं आंबट. मसाला औषधालाही नाही आणि तरी मी गप्प बसून खाल्ला. वजनावर किंमत असते, आधी विचारून घ्या. अँचोव्हीही तिथल्याच, वसंतात त्यांचा हंगाम असतो, म्हणजे मेमध्ये ताज्या मिळतील.
गेतारिया म्हणजे जहाजावरून पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्या एल्कानोचं गाव. मोहिमेचा प्रमुख मॅगेलन वाटेत फिलिपिन्समध्ये मारला गेला, १५२२ मध्ये स्वतः धरून उरलेल्या १८ माणसांना घेऊन परत पोचला तो हा. फॅशनवाला बालेन्सियागाही इथलाच, १८९५ चा जन्म, त्याचं म्युझियम आहे, काकूंना कापड-शिवणकामाची आवड असेल तर जरूर दाखवा.

दगडू_भू
सुमायाचं नाव यादीत बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय, भूशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. लांबेल, पण वाचा.
सुमायाच्या इत्सुरुन पुळणीवर कड्यांमध्ये दगडाचे थर उभे केलेल्या वहीच्या पानांसारखे दिसतात. एक कडक चुनखडीचा, एक मऊ चिकणमातीचा, पुन्हा कडक, पुन्हा मऊ. याला फ्लिश म्हणतात. समुद्राच्या तळाशी आडवे साचलेले थर, पिरेनीज डोंगर उचलले गेले तेव्हा तिरपे-उभे झाले. मऊ थर लाटांनी झिजतो, कडक थर पुढे येतो, म्हणून त्या धारा दिसतात. मुत्रिकूपासून सुमायापर्यंतचा हा किनारा युनेस्कोचा जिओपार्क आहे आणि त्यात सहा कोटी वर्षांचा इतिहास जवळजवळ सलग वाचता येतो. पॅलिओसीन काळातल्या दोन कालखंडांची सुरुवात ठरवणारे जागतिक प्रमाणबिंदू याच पुळणीच्या कड्यात आहेत, २००८ साली मान्यता मिळाली.
आता आपला संबंध. पुळणीच्या जवळच अल्गोरीच्या खाडीत एक पातळ काळपट मातीचा थर आहे, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसोर संपले त्या क्षणाचा. त्यात इरिडियम या धातूचं प्रमाण जास्त सापडतं, जे उल्का आदळल्याचं लक्षण मानतात. आणि त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? दख्खनचे लाव्हा उफाळत होते. ज्या काळ्या दगडावर रायगड, महाबळेश्वर, अख्खा सह्याद्री उभा आहे तो त्याच सुमाराचा. डायनोसोर उल्केने मेले की दख्खनच्या ज्वालामुखींचाही त्यात हात होता यावर अभ्यासक अजून भांडतायत, आता पारडं उल्केकडे झुकलंय एवढंच. मृण्मयी, तुझ्या बाबांना तिथे नेशील तेव्हा हे सांग, पुण्याच्या माणसाला त्या काळ्या रेघेसमोर उभं राहून घरचं काहीतरी दिसेल.
एक महत्त्वाचं: हे सगळं ओहोटीला बघायचं. त्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरच्या वर चढउतार करते, भरतीत खालची वाट पाण्याखाली जाते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून मगच दिवस ठरव. खडकांवर चालणं तुझ्या बाबांना जमणार नाही, पण सान तेल्मोच्या देवळाजवळ वरून सुंदर दिसतं, आणि सुमायाहून बोटीच्या फेऱ्याही निघतात.

सह्यभटक्या
दगडूकाका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका ना. रायगड आणि सुमाया एका वाक्यात येतील असं वाटलं नव्हतं.

घाटमाथा
ओहोटीवरून आठवलं, लेकेइतियोलाही वेळापत्रक बघा. बंदरासमोर गाराइत्स नावाचं छोटं बेट आहे, ओहोटीला एका बांधावरून चालत जाता येतं, परत यायला मात्र वेळेत निघायचं. शेवाळ असतं, बाबांनी पुळणीवरच बसावं.
आणि गास्तेलुगात्चे या बेटावरच्या देवळाबद्दल कोणीच नीट बोललं नाही. २४१ पायऱ्या आहेत, पण खरा त्रास त्याच्या आधी आहे. गाडी वर लावायची, उतरत उतरत पुलापर्यंत जायचं, मग पायऱ्या चढायच्या, आणि परत येताना तो सगळा उतार चढ होतो. गुडघ्यांना नको. वरच्या कडेच्या रस्त्यावरून अख्खं बेट, पूल आणि वरचं देऊळ नीट दिसतं, फोटोही तिथूनच चांगला येतो. तुम्हा दोघांना खाली जायचं असेल तर हंगामात वेळ ठरवून फुकट तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं.

पणजेकार
गोंयच्या माणसाने एक सुचवल्याशिवाय राहवत नाही. सुमायाहून उरोला नदीच्या दरीने आत गेलं की पंधरा-वीस किलोमीटरवर अस्पेइतिया गाव लागतं, तिथे लोयोला. सेंट इग्नेशियस, जेझुइट पंथाचा संस्थापक, १४९१ मध्ये तिथे जन्मला. मोठी घुमटाची बॅसिलिका आहे आणि तिच्या पोटातच त्याच्या घराण्याचं जुनं गढीवजा घर जसंच्या तसं सांभाळलंय. त्याचा पॅरिसमधला सोबती म्हणजे आमचा गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर. तो नावारातल्या हाविएर किल्ल्यातला, जन्म १५०६, मातृभाषा बास्क. १५४२ मध्ये गोव्यात उतरला. जुन्या गोव्यात बॉम जेझूत त्याचं शव आहे, दर दहा वर्षांनी दर्शनाला ठेवतात, गेलं दर्शन २०२४-२५ मध्ये झालं. हाविएरचा किल्ला किनाऱ्यापासून लांब, पांपलोनाच्याही पलीकडे, त्यामुळे या ट्रिपमध्ये नको. पण लोयोला अजिबात वाकडी वाट नाही आणि परिसर सपाटीवर आहे, बाबांना सोयीचं. मी तिथे बराच वेळ बसलो होतो, घरापासून इतक्या लांब घरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

शांताराम_ठाणे
गेर्निका "वाटेत अर्धा तास" असं करू नका ही विनंती. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस, स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गाव जाळलं. त्या हल्ल्यावरचं पिकासोचं मूळ चित्र माद्रिदला आहे, गावात टाइल्सवर केलेली प्रतिकृती भिंतीवर आहे. शांतता म्युझियम जरूर बघा, तिथे बॉम्ब पडण्याआधीचं एक घर आवाजांतून उभं केलंय, लहान खोली आहे, अंगावर येतं. मग चालत बास्क प्रतिनिधींच्या सभागृहाकडे जा. तिथे तो ओक वृक्ष, ज्याच्याखाली विस्काया या इथल्या प्रांताचे राज्यकर्ते लोकांचे हक्क पाळण्याची शपथ घेत. सध्याचं झाड तरुण आहे, जुन्याचं खोड शेजारी खांबांच्या मंडपात जपलंय. बॉम्बहल्ल्यातून झाड आणि सभागृह दोन्ही वाचली होती. माणसं अजून तिथे येऊन शांत उभी राहतात.

चहाबाज
काकांशी पूर्ण सहमत. आणि तिथला सोमवारचा बाजार आजही भरतो, शेतकरी स्वतः भाजी, चीज, मिरच्या घेऊन बसतात.

नवखा_चालक
मध्येच घुसतो. भारतीय लायसन्सवर तिथे गाडी मिळते का? आणि गियरची की ऑटोमॅटिक?

घाटमाथा
@नवखा_चालक, आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, एक वर्ष चालतो, सोबत मूळ लायसन्स हवंच. ऑटोमॅटिक हवी तर बुकिंग करतानाच सांगा, बहुतेक गाड्या गियरच्या असतात आणि ऑटोमॅटिक महाग पडते. पंपावर काळजी घ्या, गासोलिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलेओ म्हणजे डिझेल. गोंधळ झाला तर नळीवरचं चिन्ह बघा, पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोन, सगळ्या युरोपात हेच. चौकातल्या गोलात आधीपासून असलेल्याला पहिला हक्क. आणि शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर, म्हणजे जिथे प्रत्येक दिशेला एकच लेन आहे तिथे, मर्यादा ३० ची आहे. कॅमेरे आहेत, दंड भाड्याच्या गाडीलाही घरपोच येतो.
मृण्मयीच्या नवऱ्यासाठी: जुन्या गावठाणात गाडी घालायचीच नाही, वर येणारे खांब असतात, फक्त रहिवाशांना सोडतात. गावाच्या तोंडाशी पार्किंग असतं, तिथून चालत. एलांचोबे तर इतकं उतारावर आहे की बसला वळायला जागा नाही म्हणून चौकातच फिरती तबकडी बसवलीय, बस तिच्यावर उभी राहते आणि तबकडी तिला फिरवते. मुलं असतील तर खास थांबा, आणि नसतील तरी थांबा.

चहाबाज
बसचा गरबा!! हे बघायलाच हवं.

मृण्मयी_क
नवरा म्हणतो आपल्या पार्किंगलाही अशी तबकडी हवी :) फ्रान्सच्या बाजूचं कोणी सांगेल का? दोन देश एका आठवड्यात जास्त होतंय का?

तुलूझकर
मी पलीकडच्या बाजूला बऱ्यापैकी जवळ राहतो. हद्द तुम्हाला जाणवणारही नाही, मधेच पोलिस तपासणी असते म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. गाडी घेतलीत तिथेच परत द्या, एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली तर जबर पैसे लागतात. आणि कंपनीला फ्रान्समध्ये नेणार हे आधी विचारा.
बियारिट्झ मी काढून टाकीन. छान आहे, पण मोठं, महाग, आणि पार्किंगची तीच रड. त्यापेक्षा सेंट-जाँ-द-लूझ, गोल सुरक्षित खाडी, सपाट फिरायला जागा, आणि १६६० मध्ये चौदाव्या लुईचं लग्न झालं ते चर्च, आत लाकडी सज्जे तीन बाजूंनी वरपर्यंत. मग आत सार, ऐनोआ, एस्पलेत ही खेडी. पांढऱ्या भिंती, तांबड्या नाहीतर हिरव्या खिडक्या. एस्पलेतच्या लाल मिरचीच्या नावाला संरक्षित दर्जा मिळालाय, शरद ऋतूत घरांवर माळा सुकत असतात, मेमध्ये माळा नसतील पण पूड मिळेल, काकूंच्या डब्यात घाला. बाबांसाठी ला रून! १९२४ पासून चालणारी दातेरी रुळांची छोटी लाकडी गाडी ९०५ मीटरच्या शिखरावर नेते, एकही पाऊल न चढता समुद्र आणि पिरेनीज दोन्ही दिसतात. ढग असतील तर जाऊ नका, काही दिसत नाही.

रुळावरचा
शेवटी रूळच कामी आले बघा :)

तुलूझकर
अवांतर: इरून आणि ओंदाय या हद्दीवरच्या गावांच्या मध्ये बिदासोआ नदीत फेझंट्स बेट आहे, फेब्रुवारी ते जुलै स्पेनचं आणि ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सचं. स्पेन-फ्रान्सचा १६५९ चा तह तिथे झाला तेव्हापासून दोघांचं सामाईक. जाता येत नाही, काठावरून दिसतं. तुम्ही जाल तेव्हा स्पेनकडे असेल.

पणजेकार
सहा महिने भावाकडे, सहा महिने बहिणीकडे, आमच्या आजीसारखं!

सह्यभटक्या
पावसाचं काय? मेमध्ये कोरडं असतं का?

अन्नपूर्णा_बीसीएन
नाही हो, तिथे हिरवं आहे ते पावसामुळेच. बारीक झिमझिम कधीही येते, सिरिमिरी म्हणतात, तासाभरात उघडतं पण. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, वारा असतो. उजेड मात्र रात्री साडेनऊपर्यंत, त्यामुळे सकाळ पावसात गेली तरी दिवस हातचा जात नाही. मृण्मयी, मूळ प्रश्नावर येते, दर रात्री नवीन गाव करू नकोस. आईबाबा, सामान, रोज नवीन स्वयंपाकघर, सगळे दमाल. अंतरं इतकी छोटी आहेत की दोन जागी राहून सगळं होतं.

मृण्मयी_क
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरच्यांची सभा झाली, आता असा बेत ठरतोय.
पहिला मुक्काम गेर्निकाजवळच्या शेतघरात. तिथून मुंदाका, लेकेइतियो, एलांचोबे आणि गास्तेलुगात्चे वरून. बिल्बाओला ट्रेनने, गुगेनहाइम म्युझियमसाठी. दुसरा मुक्काम सारौत्सला, स्वयंपाकघरवालं घर मिळालंय, स्टेशन चालत. तिथून सुमाया (ओहोटी सकाळी आहे असा दिवस काढलाय), लोयोला, गेतारिया, आणि सान सेबास्तियानला ट्रेनने. एक पूर्ण दिवस फ्रान्स, सेंट-जाँ-द-लूझ आणि हवा स्वच्छ असली तर ला रून. बियारिट्झ आणि लांबच्या उड्या कापल्या. बाबा दगडूकाकांचा प्रतिसाद छापून सोबत घेणार आहेत. सोमवारी गुगेनहाइम आणि मंगळवारी गेर्निका, असं सुरुवातीला ठेवलंय. काही राहतंय का?

शांताराम_ठाणे
सोमवार-मंगळवार उलटे करा. गेर्निकाचा बाजार सोमवारी, आणि गुगेनहाइम ऐन उन्हाळा सोडला तर सोमवारी बंद असतं.

घाटमाथा
काकांनी बरोबर पकडलं. आणि निघायच्या दिवशी विमान दुपारनंतरचं असेल तर पोर्तुगालेतेला जा, विमानतळापासून लांब नाही. १८९३ चा लोखंडी झुलता पूल आहे, म्हणजे नदीवर रस्ताच नाही, वरच्या तुळईला दोरांनी टांगलेला पाळणा माणसं आणि गाड्या घेऊन पलीकडे गेचोला जातो. भाड्याची गाडीही त्यात घालता येते, बाबांना उतरायचीसुद्धा गरज नाही. टाकी भरायला पेट्रोल पंप मात्र आधी बघून ठेवा, विमानतळाच्या दारात शोधायला लागू नये.

मृण्मयी_क
सोमवार-मंगळवार बदलले. विमान संध्याकाळचं आहे, पूल नक्की. बाबा विचारतायत पाळण्यात गाडीतच बसलं तर चालतं ना?

घाटमाथा
चालतं. फक्त हँडब्रेक ओढा.